अटारी कोणी बुडवली? एका कॅसेटवर आलेला आळ आणि हिशेबातली खरी चूक

१/
सप्टेंबर १९८३. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो हे वाळवंटी गाव. तेथील कचरा पुरण्याच्या जागेवर मालाने भरलेले ट्रक एकामागून एक येऊन रिकामे होऊ लागले. शेजारच्या टेक्सास राज्यात, एल पासो येथे असलेल्या कारखान्यातून हा माल आला होता. त्यात व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिज होत्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मुले जिला सरसकट ‘कॅसेट’ म्हणत, तीच ही वस्तू. सारा माल खड्ड्यात लोटून चिरडण्यात आला आणि त्यावर काँक्रीट ओतण्यात आले. हा माल होता अटारीचा, म्हणजे अमेरिकेच्या घराघरांत व्हिडिओ गेम पोहोचवणाऱ्या कंपनीचा. वर्षभरापूर्वी याच कॅसेटींवर तिचे वैभव उभे होते. मग मधल्या काळात घडले काय? आजचा धागा त्याविषयी.

२/
याचे प्रचलित उत्तर बहुतेकांनी कोठेतरी वाचलेले असते. ‘ई.टी.’ नावाचा एक खेळ पाच आठवड्यांत घाईघाईने तयार केला गेला, तो अत्यंत वाईट निघाला, विकला गेला नाही. त्याने अटारी बुडवली आणि अटारीबरोबर सारा उद्योगही बुडाला. ही कथा सांगायला सोपी आहे. तिच्यात एक अपराधी आहे, एक चूक आहे आणि वाळवंटात पुरलेला पुरावाही आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र इतक्या आटोपशीर कथेकडे जरा संशयानेच पाहावे.

३/
१८५७ च्या उठावावरचा शाळेतील धडा आठवा. चरबी लावलेली काडतुसे हे ‘तात्कालिक कारण’, आणि संस्थाने खालसा करण्याचे धोरण, शेतसाऱ्याचा बोजा, शिपायांमधील असंतोष ही खोलवरची कारणे, अशी विभागणी आपण सर्वांनी उत्तरपत्रिकेत लिहिली आहे. इंग्रजीत बंदुकीचे काडतूस आणि खेळाची कॅसेट या दोहोंना एकच शब्द आहे, हा योगायोग येथे मोठा बोलका आहे. केवळ काडतुसांमुळे उठाव झाला असे लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात. अटारीच्या बाबतीत मात्र जगाने बराच काळ तेवढेच उत्तर लिहून पूर्ण गुण घेतले.

४/
आता मुळापासून पाहू. १९७२ मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी कॅलिफोर्नियात अटारीची स्थापना केली. ‘अटारी’ हा शब्द ‘गो’ या पटावरच्या खेळातील जपानी शब्द आहे. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्या आता पकडल्या जाणार अशी स्थिती आली की तो वापरतात. बुद्धिबळातील ‘शह’ म्हणा ना. त्याच वर्षी ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने ‘पाँग’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र घडवले. पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये उडणारा एक ठिपका, एवढाच तो खेळ.

५/
‘पाँग’चे पहिले यंत्र सनीव्हेल गावातील एका मद्यगृहात ठेवण्यात आले. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी जाऊन उघडून पाहिले, तर आतील पेटी नाण्यांनी ओसंडून गेल्यामुळे यंत्र अडले होते. अटारीच्या पुढच्या कारभारावर या आठवणीची छाया दिसते. येथे मागणी मोजावी लागली नव्हती. ती पेटीतून बाहेर सांडत होती. खेळणारा, नाणे आणि यंत्र यांच्यामध्ये दुसरे कोणीही नव्हते. किती लोक खेळले याचा हिशेब त्या पेटीतच होता, आणि तो खोटा असूच शकत नव्हता.

६/
१९७५ मध्ये ‘पाँग’ घरच्या दूरचित्रवाणी संचावर आला. सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीने त्या वर्षीच्या नाताळसाठी तब्बल दीड लाख नग मागवले. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीने कॅसेट बदलून वेगवेगळे खेळ खेळता येणारे यंत्र बाजारात आणले. अटारीही तशाच यंत्रावर काम करत होती, पण ते पूर्ण करायला लागणारे भांडवल तिच्यापाशी नव्हते. १९७६ मध्ये चित्रपट आणि संगीत व्यवसायातील वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. पैसा आला, आणि निर्णयाची सूत्रे न्यूयॉर्ककडे गेली.

७/
सप्टेंबर १९७७ मध्ये अटारीचे ‘व्हीसीएस’ हे यंत्र १९९ डॉलरना विक्रीस आले. पुढे तेच ‘अटारी २६००’ म्हणून ओळखले गेले. त्याची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती. आजच्या संगणकात देवनागरीचे एक चिन्ह साधारणतः ३ बाइट घेते. या हिशेबाने त्यात सुमारे ४२ चिन्हे मावली असती, म्हणजे या धाग्याचे शीर्षकही नाही. एवढ्या जागेत खेळ बसवणे हे विलक्षण कौशल्याचे काम होते आणि ते करणारी माणसे मोजकीच होती. धंद्याचे गणित मात्र सोपे होते. यंत्र एकदाच विकले जाते, कॅसेटी वर्षानुवर्षे. म्हणून खरा नफा कॅसेटींमध्ये.

८/
१९७८ च्या अखेरीस वॉर्नरशी मतभेद होऊन बुशनेल यांना जावे लागले आणि सूत्रे रे कॅसार यांच्या हाती आली. कॅसार हे बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कापड उद्योगातील मोठ्या कंपनीत दीर्घकाळ काम केलेले गृहस्थ. त्यांना निव्वळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. विस्कळीत कंपनीला त्यांनी शिस्त लावली आणि केवळ नाताळपुरती होणारी विक्री जाहिरातींच्या बळावर वर्षभर चालवली. १९८० मध्ये जपानच्या टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ परवाना घेऊन घरच्या यंत्रावर आणला गेला. तो घरी खेळता यावा म्हणून लोक यंत्रच विकत घेऊ लागले.

९/
यानंतरची चढण डोळे दिपवणारी होती. १९८२ पर्यंत अटारीची वार्षिक उलाढाल सुमारे २ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. वॉर्नरकडे चित्रपट होते, गायक होते, प्रकाशने होती. पण तिच्या नफ्याचा निम्म्याहून मोठा वाटा आता व्हिडिओ गेम देत होते. लेकराच्या कमाईवर सारे घर चालू लागले, की लेकराला ‘दमलास का?’ असे कोणी विचारत नाही. दर तिमाहीला अधिक वाढ दाखवणे ही अटारीची सक्ती झाली. आणि याच भरभराटीच्या काळात दोन तडे पडत होते.

१०/
पहिला तडा: खेळ नेमका कोण बनवतो?

त्या काळी बहुधा एकच माणूस संपूर्ण खेळ घडवत असे. कल्पना, चित्रे, आवाज, आज्ञावली सारे त्याचेच. तरीही अटारीच्या खोक्यावर त्याचे नाव नसे आणि विक्रीतला वाटाही त्याला मिळत नसे. वॉरन रॉबिनेट या आज्ञावलीकाराने ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त दालन ठेवले. तेथे पोहोचणाऱ्याला पडद्यावर रॉबिनेट यांचे नाव दिसे. कंपनीला याचा पत्ता लागला तो खेळणाऱ्या एका मुलाच्या पत्रावरून, आणि तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते. आपल्याच कलाकृतीवरची स्वाक्षरी अशी लपवून ठेवावी लागली, यावरून त्या कार्यालयातील वातावरणाची कल्पना येते.

११/
१९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या लक्षात आले, की कंपनीच्या कॅसेट विक्रीचा निम्म्याहून मोठा भाग त्यांनी घडवलेल्या खेळांमधून येतो आहे. ते कॅसार यांच्याकडे गेले. त्यांची मागणी फार मोठी नव्हती. गायकाला किंवा लेखकाला मिळते तशी ओळख आणि थोडा वाटा. चौघांच्या सांगण्यानुसार उत्तर असे मिळाले, की कॅसेटी जोडणाऱ्या कामगारांपेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही. आपल्या गायकांना मानधनाचा वाटा देणाऱ्या वॉर्नरच्याच छत्राखाली हे घडत होते, हा त्यातला विरोधाभास.

१२/
चौघे बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी त्याच वर्षी ‘ॲक्टिव्हिजन’ काढली. अटारीच्याच यंत्रावर चालणाऱ्या कॅसेटी बनवणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. खेळ घडवणाऱ्याचे नाव ती ठळकपणे छापत असे. क्रेन यांचा ‘पिटफॉल’ १९८२ मध्ये आला आणि त्याच्या लाखो प्रती विकल्या गेल्या. अटारीने खटला भरला. १९८२ मध्ये तडजोड झाली. ॲक्टिव्हिजनने अटारीला मोबदला द्यायचा आणि खेळ काढत राहायचे. वरकरणी हा अटारीचा फायदा होता. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्याच्या यंत्रासाठी कोणीही कॅसेटी बनवू शकतो यावर त्यामुळे शिक्कामोर्तब झाले.

१३/
आता दार सताड उघडले. अटारी आणि मॅटेल येथून बाहेर पडलेल्यांनी ‘इमॅजिक’ काढली. हे निदान जाणकार तरी होते. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेही व्हिडिओ गेमचा विभाग थाटला. कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्या प्युरिनाने आपल्या खाद्याच्या जाहिरातीसाठी एक खेळ बनवून घेतला. यंत्रात अनधिकृत कॅसेट रोखणारी कोणतीही सोय नव्हती, कारण अटारीखेरीज इतर कोणी कॅसेट बनवील हे १९७७ मध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मोजक्या हातांतले कसब कंपनीने स्वतःच बाहेर घालवले होते, आणि त्यामागोमाग बाजारावरचा ताबाही निसटला.

१४/
दुसरा तडा अधिक खोल होता आणि तो कोणाला दिसत नव्हता: किती माल विकला गेला?

अटारी माल थेट ग्राहकाला विकत नसे. कंपनीकडून वितरक, वितरकाकडून दुकानदार, दुकानदाराकडून ग्राहक, अशी साखळी होती. भरभराटीच्या वर्षांत माल नेहमी अपुरा पडे, त्यामुळे मागितला तेवढा कोणालाच मिळत नसे. अशा वेळी शहाणा वितरक काय करतो? साठ हवे असतील तर शंभर मागतो. दिवाळीत मिठाईवाल्याकडे खव्याची टंचाई असली की हलवायाची मागणी कशी फुगते, ते आठवा. कागदावरचा आकडा वाढतो; खाणारी तोंडे तेवढीच राहतात.

१५/
१९८१ च्या अखेरीस अटारीने वितरकांना सांगितले, की १९८२ या संपूर्ण वर्षाची मागणी आत्ताच नोंदवा. मालाच्या टंचाईला सरावलेल्या वितरकांनी मोठमोठे आकडे भरून दिले. अटारीने ते आकडे म्हणजेच गिऱ्हाइकांची मागणी असे मानले, त्यानुसार उत्पादन वाढवले आणि वॉर्नरने त्यावरच गुंतवणूकदारांना भरघोस वाढीची आशा दाखवली. ‘पाँग’च्या पेटीतील नाणे आणि वितरकाच्या वहीतील नोंद यांतला फरक येथे पुसला गेला. माल पाठवला म्हणजे तो विकला गेला असे नव्हे. न खपलेला माल परत येतो. माझ्या मते अटारीच्या पतनाचे मूळ या एका गफलतीत आहे.

१६/
मार्च १९८२ मध्ये ‘पॅक-मॅन’ची घरगुती आवृत्ती आली. टॉड फ्राय यांना ती अवघ्या ४ किलोबाइटच्या कॅसेटीत बसवावी लागली. चित्रे लुकलुकत होती, रंग आणि आवाज मूळ खेळाहून वेगळे होते; खेळणाऱ्यांची निराशा झाली. तरीही तिच्या सुमारे ७० लाख प्रती विकल्या गेल्या आणि ती त्या यंत्रावरील सर्वाधिक खपाची कॅसेट ठरली. एवढे होऊनही गोदामात माल शिल्लक राहिला! सर्वाधिक विकला जाणारा खेळही उरतो, तेव्हा दोष केवळ खेळात नसतो. तो किती बनवायचे हे ठरवणाऱ्या टेबलावर असतो.

१७/
आता ‘ई.टी.’कडे येऊ. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा चित्रपट जून १९८२ मध्ये आला आणि त्याने लोकांना वेड लावले. वॉर्नरचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांनी त्याच्या खेळाचे हक्क मिळवले. किंमत २ ते अडीच कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. बोलणी लांबल्यामुळे जुलै संपत आला. नाताळपूर्वी कॅसेटी दुकानांत हव्या असतील तर खेळ सप्टेंबरच्या आरंभी तयार हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना विचारणा झाली. एरवी ज्या कामाला सहा-सात महिने लागत, ते त्यांनी जेमतेम पाच आठवड्यांत एकट्याने पूर्ण केले.

१८/
खेळ गोंधळात टाकणारा होता. नायक वारंवार खड्ड्यांत पडे आणि त्यातून बाहेर येणे जिकिरीचे होई. सुमारे ४० लाख कॅसेटी बनवल्या गेल्या आणि सुरुवातीच्या हंगामात त्यांतील सुमारे १५ लाख खपल्या. एरवी १५ लाखांचा खप म्हणजे घवघवीत यश मानले गेले असते. वेळापत्रक वॉरशॉ यांनी आखले नव्हते, हक्कांची किंमत त्यांनी ठरवली नव्हती आणि ४० लाखांचा आकडाही त्यांचा नव्हता. नाव मात्र पुढे त्यांचेच चिकटले. यशाच्या वेळी खोक्यावर ज्यांची नावे छापली जात नसत, त्यांच्यापैकी एकाचे नाव अपयशाच्या वेळी जगाला पाठ झाले.

१९/
७ डिसेंबर १९८२. त्या सुमारास वितरक आपल्या फुगवलेल्या मागण्या रद्द करू लागले होते. वॉर्नरने जाहीर केले, की अटारीची विक्री अपेक्षित ५० टक्क्यांनी नव्हे, तर १० ते १५ टक्क्यांनीच वाढेल. म्हणजे विक्री घटली नव्हती, वाढतच होती. पण शेअर बाजाराने किंमत लावली होती ती ५० टक्क्यांच्या स्वप्नाला. वॉर्नरचा शेअर पाहता पाहता सुमारे एक-तृतीयांशाने कोसळला. या घोषणेच्या २३ मिनिटे आधी कॅसार यांनी आपल्याकडील ५,००० शेअर विकल्याचे पुढे उघड झाले. नियामक संस्थेने कारवाई केली. दोष मान्य न करता त्यांनी त्या व्यवहारातील नफा परत केला.

२०/
तारखेकडे लक्ष द्या. ‘ई.टी.’ची कॅसेट दुकानांत येऊन फार दिवस झाले नव्हते, नाताळची खरेदी अजून भरात होती. या घोषणेमागील मागण्या त्याआधीपासूनच रद्द होत होत्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी आतून पोखरलेली होती.

२१/
पुढे जे घडले त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. नाताळनंतर दुकानदारांकडे अनेक कंपन्यांच्या न विकलेल्या कॅसेटींचे ढीग होते. रिवाज असा, की उरलेला माल कंपनीला परत करायचा आणि पैसे किंवा नवा माल घ्यायचा. पण नवख्या कंपन्यांकडे परत द्यायला ना पैसे होते, ना नवे खेळ. काही तर बुडालेल्याच होत्या. मग दुकानदारांनी ३०-४० डॉलरच्या कॅसेटी ५ डॉलरच्या टोपलीत टाकल्या. ती टोपली पाहिल्यावर कोणता पालक पूर्ण किंमत मोजून नवी कॅसेट घेईल? वाईट मालाने चांगल्या मालाचीही किंमत पाडली.

२२/
त्याच वेळी दुसरीकडून संगणक आले. कमोडोर कंपनीने किमतींचे युद्ध पेटवले आणि १९८३ मध्ये घरगुती संगणक खेळाच्या यंत्राच्या जवळपास किमतीला मिळू लागले. मुलगा खेळेलही आणि शिकेलही, ही जाहिरात आईवडिलांना पटणारी होती. अटारीचे नवे यंत्र ‘५२००’ १९८२ च्या अखेरीस आले, पण त्यावर जुन्या कॅसेटी चालत नव्हत्या. निष्ठावान गिऱ्हाइकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला सांगण्याची ही वेळ नव्हती.

२३/
या पडझडीची झळ प्रथम लागली ती कामगारांना. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने उत्पादन हाँगकाँग आणि तैवानला हलवण्याचे जाहीर केले आणि अमेरिकेतील सुमारे १,७०० नोकऱ्या गेल्या. नवे तंत्रज्ञान कारखान्यातील जुन्या रोजगाराची जागा घेईल, अशी आशा तेथील राजकारणात तेव्हा बोलून दाखवली जात होती. त्या आशेला बसलेला हा मोठा धक्का होता. जुलैमध्ये कॅसार पायउतार झाले आणि तंबाखू उद्योगातील जेम्स मॉर्गन यांची नेमणूक झाली. १९८३ या एका वर्षातील तोटा सुमारे ५३ कोटी ६० लाख डॉलर होता.

२४/
आता एक साधा हिशेब करू. ‘ई.टी.’च्या हक्कांची सर्वांत मोठी सांगितली जाणारी किंमत अडीच कोटी डॉलर. म्हणजे त्या तोट्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. न खपलेल्या २५ लाख कॅसेटींपैकी प्रत्येकीवर उदाहरणादाखल १० डॉलर बुडाले असे धरले, तरी आणखी अडीच कोटी. दोन्ही मिळून ५ कोटी. उरलेल्या ४८ कोटींहून अधिक डॉलरचा तोटा कोणत्या खड्ड्यातून आला? तो आला फुगवलेल्या मागणीतून, परत आलेल्या मालातून, कोसळलेल्या किमतींतून. ‘ई.टी.’ ही त्या रोगाची एक ठळक खूण होती. रोग तिच्याआधीचा होता.

२५/
जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांना देऊन टाकला. रोख रकमेशिवाय, २४ कोटी डॉलरच्या वचनचिठ्ठ्यांवर. हे ट्रॅमिएल म्हणजे किमतींच्या युद्धाने अटारीला जेरीस आणणाऱ्या कमोडोरचेच संस्थापक. आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेला हा माणूस व्यापाराला युद्ध मानत असे. त्यांनी मोठी कपात केली आणि संगणकांवर भर दिला. नाण्यांच्या यंत्रांचा विभाग वेगळा होऊन ‘अटारी गेम्स’ झाला. १९८३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ३२० कोटी डॉलरचा असलेला व्हिडिओ गेमचा बाजार १९८५ पर्यंत सुमारे १० कोटींवर आला.

२६/
या पतनाचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला तो जपानमध्ये. १९८३ मध्ये निन्टेंडोने आपले ‘फॅमिकॉम’ यंत्र जपानबाहेर विकण्याचे हक्क अटारीला देऊ केले होते. अटारीच्या गोंधळात तो करार फिसकटला. १९८५ मध्ये निन्टेंडो स्वतःच अमेरिकेत उतरली. तिच्या यंत्रात अनधिकृत कॅसेट रोखणारी चिप होती. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला साधारण पाच खेळांची मर्यादा होती आणि कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत. अटारीच्या एकेका चुकीला एकेक कुलूप! आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत आलेले ‘व्हिडिओ गेम’ बहुतांशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

२७/
इतिहासाची थट्टा पाहा. १९८८ च्या सुमारास ‘अटारी गेम्स’ने ‘टेंगेन’ या नावाने निन्टेंडोचे तेच कुलूप फोडून परवान्याविना कॅसेटी काढल्या. ॲक्टिव्हिजनने आपल्याशी जे केले, ते आता अटारीचे नाव लावणारी कंपनी दुसऱ्याशी करत होती. कुलपाची आज्ञावली तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवली होती. १९९२ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल तिच्याविरुद्ध गेला. इकडे ट्रॅमिएल यांच्या अटारीचे ‘जॅग्वार’ हे शेवटचे यंत्र १९९३ मध्ये येऊन अपयशी ठरले. १९९८ मध्ये अटारीचे नाव आणि हक्क हॅस्ब्रोने अवघ्या ५० लाख डॉलरना घेतले. २२ वर्षांपूर्वी वॉर्नरने मोजलेल्या किमतीच्या एक-पंचमांशाहूनही ही रक्कम कमी होती.

२८/
२६ एप्रिल २०१४ रोजी, एका माहितीपटाच्या निमित्ताने, अलामोगोर्डोचा तो खड्डा उकरण्यात आला. पुरलेला माल सात लाखांहून अधिक कॅसेटींचा होता, असे अटारीच्या एका माजी अधिकाऱ्याने सांगितले. बाहेर काढल्या गेल्या सुमारे १,३००. त्यांत ‘ई.टी.’ होती, पण ती एकटी नव्हती. ‘पॅक-मॅन’ होता, ‘स्पेस इन्व्हेडर्स’ होता, ‘सेंटिपीड’ होता; अटारीचे वैभव ज्या खेळांनी उभे केले, तेही त्याच मातीत होते. उत्खननाने दंतकथा अंशतः खरी ठरवली आणि त्याच वेळी तिचा अर्थ बदलला. ही एका वाईट खेळाची कबर नव्हती. मोजणी चुकलेल्या गोदामातला सरमिसळ माल तेथे पुरला होता.

२९/
त्या दिवशी वॉरशॉ स्वतः तेथे उपस्थित होते. संगणकाचे क्षेत्र सोडून ते मानसोपचाराकडे वळले होते. तीस वर्षे जगातील ‘सर्वांत वाईट खेळा’चा कर्ता म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ, आपली पाच आठवड्यांची मेहनत जमिनीतून वर येताना पाहत होते. एका अब्जावधींच्या कंपनीच्या चुकांचे ओझे एका पगारदार माणसाच्या नावावर चढवणे किती सोपे असते, आणि ते उतरवायला किती वर्षे लागतात, याचे हे उदाहरण.

३०/
म्हणून कोणत्याही पतनाची कथा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेले कारण घडलेल्या तारखांच्या आधी येते की नंतर? त्या कारणाचा आकार परिणामाच्या आकाराशी जुळतो का? आणि ज्याच्या माथी दोष मारला आहे, त्याच्या हाती निर्णय किती होता? ‘ई.टी.’ या तिन्ही प्रश्नांवर नापास होते. साम्राज्य असो, पेढी असो वा खेळांची कंपनी. मोठी घरे एका कॅसेटीने पडत नाहीत.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि मतभेद खाली अवश्य लिहा. आकड्यांवर वाद घालणारे वाचक विशेष आवडतात.